जनरल तिकीट म्हणजे खुला प्रवर्ग नव्हे

विचारणा अशी: अमेरिकेच्या सुरुवातीच्या निवडणुकांवरच्या एका मराठी लेखात ‘१७८९ मध्ये न्यू जर्सीचे चारही प्रतिनिधी जनरल तिकिटावर निवडून आले’ असे वाक्य आहे. इथे ‘जनरल तिकीट’ म्हणजे ‘खुल्या प्रवर्गातील उमेदवारी’ असे समजावे का?

मुळीच नाही. हा अर्थ वारंवार कानावर येतो आणि प्रत्येक वेळी तितकाच खटकतो. १७८९ च्या अमेरिकेत प्रवर्गही नव्हते आणि राखीव जागाही नव्हत्या. हा घोटाळा ‘जनरल कॅटेगरी’च्या सवयीमुळे झाला आहे. त्याच लेखांमधून ‘काँग्रेसचे (म्हणजे अमेरिकी संसदेचे) जिल्हे’ असेही लिहिले जाते, तेही तितकेच चूक. तिथला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे मतदारसंघ. जिल्ह्याच्या जवळ जाणारा घटक म्हणजे काउंटी, आणि एका मतदारसंघात अनेक काउंट्या असत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मॅडिसन आणि मन्रो ज्या व्हर्जिनियाच्या पाचव्या मतदारसंघात एकमेकांविरुद्ध उभे होते, त्यात आठ काउंट्या होत्या. तो ‘पाचवा जिल्हा’ लिहिला की वाचकाच्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी उभी राहते.

जनरल तिकीट म्हणजे अख्ख्या राज्याचा एकच मतदारसंघ. राज्याच्या वाट्याला जितक्या जागा तितकी नावे प्रत्येक मतदाराने द्यायची. मतमोजणी नावानिशी व्हायची आणि सर्वाधिक मतांची तितकी माणसे निवडून यायची. संविधानाने काँग्रेसच्या पहिल्या प्रतिनिधी सभागृहाच्या ६५ जागा राज्यांमध्ये वाटून दिल्या होत्या: व्हर्जिनियाला १०, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियाला प्रत्येकी ८, न्यू जर्सीला ४, डेलावेअरला १. मात्र निवडणूक कुठे, केव्हा आणि कोणत्या रीतीने घ्यायची, हे पहिल्या कलमाच्या चौथ्या विभागाने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. रीत बदलण्याचा अधिकार काँग्रेसकडे होता, पण तो वापरायला पन्नासहून अधिक वर्षे गेली. त्यामुळे १७८८-८९ मध्ये प्रत्येक राज्याने आपापली रीत ठरवली.

आता ‘तिकीट’. प्रवासाचे, नाटकाचे, टपालाचे हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडतो. राजकीय अर्थाबद्दल मात्र एक लाडकी व्युत्पत्ती फिरत असते: दिल्लीच्या गाडीत बसायला तिकीट लागते, तसे निवडणुकीला पक्षाचे तिकीट लागते. ऐकायला बरी वाटते, पण काळाच्या हिशेबात ती टिकत नाही. प्रवाशांची आगगाडी १८३० च्या आसपासची, आपल्याकडची १८५३ ची. पेनसिल्व्हेनियात १७८८ च्या नोव्हेंबरमध्ये दोन ‘तिकिटे’ समोरासमोर उभी होती. तेव्हा कोणालाच कसल्याही गाडीत बसायचे नव्हते. तिकीट म्हणजे नावे लिहिलेला कागद. आणि तो कागद उमेदवाराला मिळत नसे, मतदाराला मिळत असे.

त्या काळी सरकार मतपत्रिका छापत नव्हते. मतदार घरून कागद आणायचा किंवा कोणीतरी त्याच्या हातात ठेवायचे. पेनसिल्व्हेनियात संविधानाच्या बाजूचे लोक लँकेस्टरला आणि टीकाकार हॅरिसबर्गला जमले होते. आठ-आठ नावांच्या याद्या वर्तमानपत्रांत आल्या. मतदार त्या उतरवून घ्यायचे, घडी घालायचे आणि मतदान अधिकाऱ्याच्या हाती द्यायचे. हा कागद म्हणजे तिकीट, आणि त्यावरची नावे म्हणजे ‘अमक्याचे तिकीट’. उमेदवार तिकिटा*वर* असायचा. मराठीत आपण आजही ‘काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आला’ असे म्हणतो. त्या ‘वर’मध्ये जुना कागद शाबूत राहिला आहे. ‘तिकीट मिळाले’ आणि ‘तिकीट कापले’ हे नंतरचे प्रयोग, आणि ते निघाले तेव्हा कागद हरवला होता. आज उमेदवाराच्या हाती पक्षाचा जो खरा कागद पडतो, त्याला ‘एबी फॉर्म’ हे वेगळेच नाव आहे.

या शब्दाचे मूळ पाहिले की मन प्रसन्न होते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तिके’ म्हणजे टोचून लावणे, चिकटवणे. दारावर किंवा भिंतीवर लावलेली छोटी जाहीर सूचना ती ‘एस्तिकेत’. तिच्यापासून इंग्रजीत एकीकडे ‘टिकेट’ आले आणि दुसरीकडे ‘एटिकेट’, म्हणजे शिष्टाचार. फ्रेंच क्रियापदाच्या मागे जर्मानिक ‘स्टिक’ आहे, त्यामुळे ‘स्टिकर’ही याच घरातला. त्याच्याही मागे गेले की भारोपीय धातू लागतो, अर्थ टोकदार असणे किंवा टोचणे. संस्कृतात त्याच धातूचे रूप ‘तिज्’. आरंभीचा ‘स’ गळण्याचे नवल नको. इंग्रजी ‘स्टार’शेजारी आपला ‘तारा’ ठेवला की तीच गोष्ट दिसते. तिज्‌पासून तेज, तीक्ष्ण, तिग्म, तिक्त. तीक्ष्णाचे प्राकृतात तिक्ख झाले आणि त्यातून आपले तिखट. म्हणजे ‘तिकीट’ आणि ‘तिखट’ हे दूरचे का होईना, पण सख्ख्या रक्ताचे भाऊबंद! एक युरोप फिरून इंग्रजांबरोबर आला, दुसरा घर सोडून गेलाच नाही. काही उत्साही मंडळी ‘तिकीट’चा संबंध ‘टिकणे’ आणि ‘टिकली’शी जोडतात. त्यात केवळ उच्चाराचे साम्य आहे. इतके अस्सल नाते हाताशी असताना खोट्या नात्यामागे धावणे मला पटत नाही.

या ‘चिकटवणे’ अर्थाला अमेरिकेतच पुढे मजेदार वळण मिळाले. एकोणिसाव्या शतकात पक्ष स्वतःची छापील तिकिटे वाटू लागले. मॅसॅच्युसेट्सच्या संविधानात मत ‘लेखी’ असावे असे होते, म्हणून १८२९ मध्ये बॉस्टनला एका मतदाराचा छापील कागद नाकारला गेला. त्यावर ५५ नावे होती. छापील म्हणजेही लेखीच, असा निर्वाळा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. मग छापील तिकिटावरचे एखादे नाव नको असेल तर काय करायचे? एक, काट मारून दुसरे नाव हाताने लिहायचे. दोन, डिंक लावलेली नावाची बारीक पट्टी त्यावर डकवायची. या पट्ट्यांना ‘पेस्टर’ किंवा ‘स्टिकर’ म्हणत. तिकिटावर स्टिकर! दोन भावंडे एकाच कागदावर भेटली. हातात वरून मिळालेला कागदही मतदार आपल्या मनासारखा करून घेत असे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तिकीट पक्षाचे असले तरी मोजणी नावानिशी होते, हे विसरले की निकाल उलगडत नाहीत. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आठपैकी सहाजण आले, ॲलिसन आणि चेंबर्स पडले. त्यांच्या जागी पीटर म्यूलेनबर्ग आणि डॅनियल हीस्टर हे दोन जर्मन वंशाचे उमेदवार आले. लँकेस्टरच्या यादीत जर्मन नाव एकच होते, फ्रेडरिक म्यूलेनबर्ग. तेच पुढे सभागृहाचे पहिले अध्यक्ष झाले. जर्मन मतदारांनी तिकिटातली नावे बदलून घेतली आणि निकाल फिरला.

न्यू जर्सीत गडबड वेगळी झाली. मतदान ११ फेब्रुवारी १७८९ ला सुरू झाले, पण बंद केव्हा करायचे हे कायद्यात नव्हतेच. राज्याचा पश्चिम भाग एका तिकिटामागे, पूर्व भाग दुसऱ्यामागे. पलीकडचा आकडा कळेपर्यंत आपले केंद्र चालू ठेवण्यात दोघांचाही फायदा. एसेक्स काउंटीने मतदान एप्रिलपर्यंत ओढले. गव्हर्नर आणि त्यांच्या मंडळाने मार्चमध्येच, एसेक्सचे आकडे न येता, पश्चिमेच्या ‘जंटो’ (म्हणजे टोळक्याच्या) तिकिटाचे चौघे विजयी ठरवले. तक्रार सभागृहात गेली आणि २ सप्टेंबरला चौघांच्या जागा कायम झाल्या. जनरल तिकिटाचा मोठा दोष इथे दिसतो: एका काउंटीचा घोळ एका जागेपुरता राहत नाही, राज्याचे सगळे शिष्टमंडळ त्यात अडकते. १८३८ मध्ये याच राज्यात पुन्हा तसेच घडले. साउथ अँबॉय आणि मिलविल या दोन टाउनशिपांची (काउंटीतल्या छोट्या विभागांची) मते काउंटी कारकुनांनी वगळली, आणि सहापैकी पाच जागांचा निकाल उलटला. गव्हर्नरने राजमुद्रेची प्रमाणपत्रे व्हिग पक्षाच्या उमेदवारांना दिली. डिसेंबर १८३९ मध्ये सभागृहाच्या कारकुनाने ती नावे पुकारायला नकार दिला आणि कामकाज अडले. शेवटी जॉन क्विन्सी ॲडम्स यांना तात्पुरते सभापतिपद देऊन वाट काढली. पाचही जागा मार्च १८४० मध्ये डेमोक्रॅटांकडे गेल्या.

एवढा धोका असून राज्ये ही पद्धत का धरून बसली? कारण ५१ टक्क्यांत सगळ्या जागा मिळतात, आणि लहान राज्याला काँग्रेसमध्ये एका आवाजात बोलता येते. कनेटिकट, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि जॉर्जिया तिला दीर्घकाळ चिकटून राहिली. पेनसिल्व्हेनियाने १७९१ मध्ये मतदारसंघ केले, १७९२ मध्ये १३ जागांसाठी पुन्हा जनरल तिकीट आणले आणि १७९४ पासून ते सोडले. १८४२ च्या कायद्याने काँग्रेसने सलग प्रदेशाचे एकसदस्यीय मतदारसंघ सक्तीचे केले. तरीही न्यू हॅम्पशायर, जॉर्जिया, मिसिसिपी आणि मिसुरीने जनरल तिकिटावरच माणसे पाठवली. सभागृहाने १८४४ मध्ये त्यांना बसवूनही घेतले!

‘ॲट लार्ज’ आणि ‘जनरल तिकीट’ समानार्थी म्हणून देणारे कोश आहेत. मला हे मान्य नाही. डेलावेअरला जागाच एक होती. तिथे राज्यभरातून निवडलेला प्रतिनिधी ‘ॲट लार्ज’ खरा, पण एकाच जागेच्या निवडणुकीला जनरल तिकीट कोण म्हणेल? यादी असल्याशिवाय या अर्थाने तिकीट नाही. व्हर्जिनियात तर कागदच नव्हता. मतदार सर्वांसमोर उभा राहून तोंडाने नाव सांगायचा. मॅडिसन १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी जिंकले ते असे.

मग मराठीत काय लिहावे? शब्द आपल्याकडे तयार आहे: पॅनेल. साखर कारखान्याच्या निवडणुकीत एका गटात पाच जागा असतील तर मतदार पाच शिक्के मारतो, ‘पॅनेल टू पॅनेल’ मारतो किंवा क्रॉस व्होटिंग करतो. सहावा शिक्का पडला की मत बाद. पेनसिल्व्हेनियाच्या मतदाराला हे समजावून सांगावे लागले नसते. आणि पॅनेलचे मूळही कागदाकडेच नेते: लॅटिन ‘पान्नुस’ म्हणजे कापड, त्यावरून ज्यूरीतल्या माणसांची नावे लिहिलेला चर्मपत्राचा तुकडा. म्हणून ‘न्यू जर्सीचे चारही प्रतिनिधी राज्यव्यापी पॅनेल पद्धतीने निवडून आले’ असे लिहावे.

महानगरपालिकांचे चार सदस्यांचे प्रभाग मात्र इथे उदाहरण म्हणून देऊ नयेत. तिथे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात. मतदार प्रत्येक जागेला एक मत देतो आणि लढत त्या-त्या जागेपुरती राहते. याचे जुने भावंड मेरीलँडमध्ये सापडते. १७८९ मध्ये तिथे सहा मतदारसंघ होते, उमेदवार आपापल्या मतदारसंघातला, पण राज्यातल्या प्रत्येक मतदाराने सहाही मतदारसंघांतून एकेक नाव द्यायचे. जॉर्जियाने तीन जागांसाठी तेच केले. त्या पद्धतीला जनरल तिकीट म्हटले, तर एखाद्या मतदारसंघात कोण जास्त लोकप्रिय होता आणि तरी दुसरा कसा निवडून आला, हे वाचकाला कधीच कळणार नाही.