पाळीची चड्डी, टिचबटणे आणि एक जुना प्रश्न

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी स्वमग्न आहे. पॅड लावले की पाच मिनिटांत ती ते ओढून काढते. दुसरा उपाय आहे का?

उत्तर : हा बहुधा हट्ट नसून स्पर्शाचा त्रास असतो, प्लॅस्टिकची चरचर, कडेने टोचणारे पंख किंवा सुगंधी पॅडचा वास, यांतले एखादे कारणही तिला पुरते. पाळीची चड्डी वापरून पाहावी. तिच्यात शोषणारे थर आतच शिवलेले असतात आणि बाहेरचा पातळ थर गळती रोखतो, त्यामुळे ओढून काढण्याजोगे वेगळे काही उरत नाही. मात्र ती पहिल्यांदा पाळीतच घालू नये. आधीच्या आठवड्यांत रोज तासभर कोरडीच घालून सवय करावी आणि मागचे लेबल कापण्याऐवजी उसवून काढावे, कारण कापल्यावर उरलेली कड अधिक बोचते. काळ्या कापडावर डाग लपतो खरा, पण कधी बदलायचे हे शिकणाऱ्या मुलीला रक्त दिसायला हवे, म्हणून आतून फिक्या रंगाची मिळाल्यास मी तीच घ्यायला सांगेन. धुताना थंड पाणी वापरावे. कपडे मऊ करणाऱ्या द्रवाने शोषणक्षमता घटते.

प्रश्न : मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असून ती व्हीलचेअर वापरते. दर वेळी तिला उचलून कपडे बदलताना माझी कंबर धरते.

उत्तर : चड्डीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून, पुढचा भाग मागच्यावर दोनेक इंच येईल अशी पट्टी जोडून टिचबटणे लावण्याचे काम ओळखीचा शिंपीही करून देईल. बटणे मांडीच्या वर, पुढच्या अंगाला घ्यावीत. कमरेच्या हाडावर आली तर बसून बसून कातडी दुखावते. वेल्क्रो एका हाताने उघडते, पण धुताना बंद केली नाही तर तिच्यात दोरे अडकून पकड जाते. बदलताना मुलीला कुशीवर वळवून चड्डी खालून सरकवावी, म्हणजे उचलावे लागत नाही. हात लावण्यापूर्वी ‘आता बदलते हं’ असे तिला सांगावे, ती बोलत नसली तरीही.

प्रश्न : नातेवाईक म्हणतात, गर्भाशयच काढून टाका.

उत्तर : पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हेच कारण पुढे करून 1994 मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींवर अशा शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यावर मोठा निषेध उमटला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 10 नुसार, वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून करता येत नाही. रक्तस्राव किंवा वेदना खरोखरच जास्त असतील, तर तीन पाळ्यांच्या तारखा आणि दिवसाला किती वेळा बदलावे लागले याची नोंद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. औषधांचे पर्याय असतात.