आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) छतावर हीट पंप बसवण्यापूर्वी
छतावरील जुना एसी काढून त्या जागी हीट पंप, म्हणजे थंडावा आणि ऊब दोन्ही देणारे यंत्र, बसवण्याचा तुमचा विचार योग्य आहे. मात्र बाहेरचे तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, की असे बहुतेक पंप पुरेशी ऊब देऊ शकत नाहीत, म्हणून प्रोपेन गॅसवर चालणारा फर्नेस (गाडी गरम ठेवणारी भट्टी) कृपया काढून टाकू नका. शिवाय अनेक गाड्यांत त्या फर्नेसचीच गरम हवा तळाशी असलेल्या पाण्याच्या टाक्यांना गोठण्यापासून वाचवते, आणि ते काम छतावरून येणाऱ्या हवेने होत नाही.

छतातील चौकोनी झरोका बहुधा सव्वाचौदा इंचांचा असतो, त्यामुळे नवे यंत्र सहसा तिथेच बसते. खरी अडचण थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान नियंत्रित करणाऱ्या उपकरणाची, असते: जुना थर्मोस्टॅट हीट पंपासाठी बनवलेला नसेल, तर यंत्र केवळ थंडावाच देत राहील. काम सुरू करण्याआधी १२० आणि १२ व्होल्टचे दोन्ही वीजपुरवठे बंद करा.

यंत्र छताला घट्ट धरणारे चारही बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. माझ्या गाडीत एक बाजू आधीच घट्ट आवळली गेली होती आणि पहिल्याच पावसात अंथरुणावर थेंब पडू लागले. गॅस्केट (यंत्र आणि छत यांच्यामधली, पाणी अडवणारी मऊ पट्टी) सर्व बाजूंनी सारखे, साधारण अर्ध्या इंचापर्यंत दबले पाहिजे. त्यावर सिलिकॉन मुळीच लावू नका.