भावाला ३८व्या वर्षी स्ट्रोक आला, पुण्यात केलेले सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. हृदयात जन्मजात काही असू शकतं का?

हो, असू शकतं, आणि साध्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ते बरेचदा दिसतच नाही. मी पुण्यातच इको टेक्निशियन आहे. बहुतेक वेळा सापडतो तो पीएफओ: वरच्या दोन कप्प्यांमधली, गर्भातली झडपेसारखी फट. साधारण चौघांतल्या एकात ती पुरती बुजत नाही. पायाच्या शिरेतली गुठळी तिथून डावीकडे निसटली की मेंदूपर्यंत जाऊ शकते. क्वचित एखाद्याला डाव्या बाजूला जादा महाशीर (हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) असते आणि ती थेट वरच्या डाव्या कप्प्यात उघडते.

डॉक्टरांना बबल टेस्टबद्दल विचारा. घुसळलेलं सलाइन हाताच्या शिरेतून देतात, मग कुंथायला सांगतात. तीनेक ठोक्यांच्या आत इकोत हृदयाच्या डावीकडे पांढरे ठिपके (बुडबुडे) चमकले तर फटीची शक्यता जास्त. उशिरा आले तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. ती जादा शीर मात्र उजव्या हातातून सलाइन दिलं तर नजरेतून निसटते, म्हणून डाव्या हातातूनही द्यायला सांगा. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत त्या दोन कप्प्यांमधला पडदा जास्त स्पष्ट दिसतो.

फट सापडली म्हणजे कारण सापडलंच, असं मात्र नाही. ठोक्यांची छुपी अनियमितता आधी जास्त दिवसांच्या होल्टरवर (ठोके सतत नोंदवणारं अंगावरचं यंत्र) तपासा. फट बंद करायची का, हे न्यूरॉलॉजिस्ट आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांनी मिळून ठरवू द्या.