बूट आधी पालथे करून बघ

भावा, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळलेले बूट रग्बीला चालतात, पण स्टडवरून, म्हणजे तळाच्या खुंट्यांवरून, अंगठा फिरवून बघ. घासून धार आली असेल तर रेफ्री बाहेर काढतो, आणि बरोबरच करतो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांदे भिडवून एकमेकांना ढकलतात तेव्हा, तो स्टड कुणाच्या तरी नडगीवर येणार. लांबी २१ मिलिमीटरच्या आत हवी. अंगठी, कडं, करदोटा घरी ठेव. खांद्याचं पॅड १ सेंटिमीटरपेक्षा जाड नको.

पैसे कमी असतील तर पहिला माउथगार्ड घे. गरम पाण्यात मऊ करायचा, दातांवर बसवून चावायचा. मी पहिल्यांदा घाईत वाकडा बसवला, हंगामभर ओकारी येत होती.

बदली खेळाडूंचं म्हणशील तर पंधरा जणांच्या संघाच्या रग्बीत बाकावर जास्तीत जास्त ८ जण. डावपेच म्हणून बाहेर काढलेला एरवी परत येत नाही. रक्त आलं तर १५ मिनिटांत पट्टी बांधून परतता येतं. स्क्रमच्या पुढच्या फळीतला जखमी झाला तर तिथलाच शिकलेला गडी लागतो. तो नसेल तर स्क्रम नुसता लावायचा, ढकलायचा नाही. म्हणून तालमीतली मान असली तरी प्रशिक्षकाने शिकवल्याशिवाय ‘मी जातो पुढे’ म्हणू नकोस.