पर्सेंटाइल, रँक आणि दाखले : विज्ञान प्रवेशाच्या निकालांविषयी वाचकांचे प्रश्न

बारावी विज्ञाननंतरच्या प्रवेश परीक्षांचे निकाल लागू लागले की या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. ज्या आकड्यांपुढे वर्ष दिलेलं नाही ते हिशेब समजावण्यापुरते घेतले आहेत, त्यांना कोणी कट-ऑफ समजू नये.

मुलीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीबी गटात ९२.४१ पर्सेंटाइल आहेत. नातेवाईक म्हणतात, २०० पैकी १८४-१८५ पडले असणार. शिवाय तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढली तर ९२.४१ येत नाही. निकालात चूक आहे का? (पालक, सांगली)

चूक नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आणि त्यावरून मार्क काढता येत नाहीत. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून प्रत्येकाची तुलना आधी त्याच्याच सत्रातल्या मुलांशी होते. समजा, तुमच्या मुलीच्या सत्रात २०,००० जण बसले. त्यातल्या १८,४८२ जणांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण पडले. १८,४८२ भागिले २०,००० गुणिले १००, म्हणजे ९२.४१. तिच्या पुढे १,५१८ जण आहेत, एवढंच हा आकडा सांगतो. पेपर अवघड असेल तर याच आकड्यामागे ११० गुण असू शकतात, सोपा असेल तर १४०.

आता सरासरीचं. एकूण पर्सेंटाइल हे एकूण गुणांवरून स्वतंत्र काढलं जातं, तीन विषयांच्या पर्सेंटाइलची बेरीज करून तीनानं भागत नाहीत. पीसीबीत जीवशास्त्र १०० गुणांचं आणि भौतिक, रसायन प्रत्येकी ५० गुणांचे. त्यामुळे जीवशास्त्रात मुलगी मागे पडली असेल तर भौतिकचे ९६ तिला फारसे वर ओढू शकत नाहीत. आकडा सात दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो, तो सगळा जपून ठेवा. लाखो मुलांच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या दशांशावरही क्रम बदलतो.

तिला साध्या बीएस्सीला जायचं असेल, तर बहुतेक महाविद्यालयांत प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि तिथे सीईटीचा काही संबंध येत नाही. सीईटीच्या फेऱ्यांची वाट पाहत बीएस्सीची गुणवत्ता यादी हातची घालवू नका. हे दरवर्षी घडतं, आणि पुढे नावाजलेल्या कॉलेजात भौतिक किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची जागा उरत नाही.

सीयूईटीची (केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेची) उत्तरतालिका जुळवली तेव्हा भौतिकशास्त्रात २०५ येत होते. निकालात १९१ आले. १४ गुण कुठे गेले? फेरतपासणी मागता येईल का? (विद्यार्थिनी, नाशिक)

तुमचा हिशेब बरोबर असणार. ५० प्रश्न, बरोबर उत्तराला ५, चुकीला उणे १. ४२ बरोबर, ५ चूक, ३ सोडलेले : २१० वजा ५, म्हणजे २०५. हे झाले कच्चे गुण. निकालात येतात ते समायोजित गुण, कारण एका विषयाची परीक्षा वेगवेगळ्या पाळ्यांत झालेली असू शकते.

समायोजन असं होतं. तुमच्या पाळीत २०५ गुणांवर समजा ९३ पर्सेंटाइल बसलं. दुसऱ्या पाळीत ९३ पर्सेंटाइल १८५ गुणांवर होतं, तिसऱ्या पाळीत १८३ वर. एखाद्या पाळीत नेमकं ९३ कोणालाच नसेल तर वरच्या-खालच्या गुणांवरून मधला आकडा काढतात. मग २०५, १८५ आणि १८३ यांची सरासरी : १९१. तिन्ही पाळ्यांतल्या ९३ पर्सेंटाइलवाल्यांना हेच १९१ मिळतात. म्हणजे तुमचा पेपर इतरांपेक्षा सोपा होता आणि ते १४ गुण पेपराच्या सोपेपणाचे होते. ज्यांना १८३ होते त्यांचे ८ वाढले आहेत. आपले कमी झालेले डोळ्यांत भरतात, दुसऱ्याचे वाढलेले दिसत नाहीत, म्हणून या पद्धतीवर राग निघतो. आमच्या मते इतक्या पाळ्या असताना कच्चे गुण तसेच धरणं जास्त अन्यायाचं झालं असतं.

फेरतपासणी नाही. आक्षेपाची वेळ तात्पुरती उत्तरतालिका येते तेव्हाच असते. प्रत्येक प्रश्नामागे ठरलेलं शुल्क भरून, पाठ्यपुस्तकाच्या पानाचा पुरावा जोडून आक्षेप घ्यायचा. अंतिम तालिका आणि निकाल लागला की तो दरवाजा बंद.

एक गोष्ट मात्र आजच पाहा. सीयूईटीचा निकाल म्हणजे प्रवेश अर्ज नव्हे. परीक्षा घेणारी एनटीए गुणवत्ता यादी लावत नाही, ती प्रत्येक विद्यापीठ स्वतः लावतं. दिल्ली विद्यापीठासाठी त्यांच्या सीसॅस पोर्टलवर वेगळी नोंदणी करून कॉलेज आणि अभ्यासक्रमाच्या जोड्या पसंतीक्रमानं भराव्या लागतात. तिथे बीएस्सी ऑनर्स भौतिकला भौतिक, रसायन आणि गणित या तिघांच्या गुणांची बेरीज धरतात, पण त्याखेरीज एका भाषेच्या पेपरात किमान ३० टक्के, म्हणजे २५० पैकी ७५, लागतात. विज्ञानात भरघोस गुण असूनही भाषेचा पेपरच न दिल्यामुळे बाहेर राहिलेली मुलं असतात.

मुलाला आयसरच्या (केंद्राच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या) परीक्षेत २,८०० च्या आसपास रँक आहे. पुण्याचं आयसर मिळेल का? फक्त पुणेच भरलं तर शक्यता वाढते का? (पालक, कोल्हापूर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही, मुळीच वाढत नाही. वाटप रँकप्रमाणे वरून खाली होतं. मुलाचा नंबर आला की त्याच्या पसंतीच्या यादीतली, त्या क्षणी रिकामी असलेली सर्वांत वरची जागा त्याला मिळते. पुणे पहिलं लिहून खाली बाकीची सहा लिहिली तरी पुण्याच्या शक्यतेला धक्का लागत नाही. उलट एकच नाव लिहिलं आणि ते नाही मिळालं, तर हात रिकामे. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर या सातांपैकी जिथे जायची खरोखर तयारी आहे ती सगळी लिहा, आणि मनातल्या क्रमानं लिहा. ‘इथे मिळणारच नाही, म्हणून खाली टाकू’ हा विचार नुकसान करतो.

आता रँक. २,८०० हा सर्वसाधारण यादीतला आहे की प्रवर्गाचा, हे पत्रावरून कळत नाही, आणि तिथेच सगळा फरक आहे. केंद्रीय संस्थांत ओबीसींना २७, अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना, १० टक्के जागा असतात. खुल्या उरतात ४०.५ टक्के. म्हणजे दर १०० जागांमागे ४० किंवा ४१. गेल्या वर्षी कोणत्या रँकपर्यंत जागा गेल्या ते पाहताना आपल्या प्रवर्गाची आणि शेवटच्या फेरीची ओळ वाचा. पहिल्या फेरीचा आकडा पाहून निराश होणारे पालक बरेच असतात. फेऱ्या पुढे सरकतात तसा तो आकडा वाढत जातो, कारण वरची काही मुलं आयआयटीला, वैद्यकीयला किंवा बंगळुरूच्या आयआयएससीला (भारतीय विज्ञान संस्थेला) जातात.

आयआयएससीही हेच गुण धरते, पण त्यांचा अर्ज वेगळा असतो. तो भरला नसेल तर नुसत्या रँकवर तिथे विचार होत नाही.

जागा मिळाल्यावर स्वीकृती शुल्क मुदतीत भरायचं. शेवटच्या रात्री यूपीआयची मर्यादा आडवी आली, पैसे कापले गेले पण पोर्टलवर पावती उमटली नाही, असले प्रकार होतात. म्हणून दोन दिवस आधी भरा आणि पावतीची पीडीएफ उतरवून घ्या. आणि बारावीत खुल्या व ओबीसी मुलांना ६० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ५५ टक्के लागतात हे विसरू नका. रँक कितीही चांगला असला तरी ही अट सुटत नाही.

आमच्याकडे राज्याचं तीन वर्षांचं नॉन-क्रिमीलेअर आहे. आयसर आणि सीयूईटीला तेच चालेल ना? (पालक, नांदेड)

चालणार नाही. महाराष्ट्रातल्या मुलांच्या हातून केंद्रीय संस्थेची जागा जाते त्यात या कागदाचा वाटा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

केंद्रीय संस्थांना ओबीसीचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात लागतो, आणि साधारणपणे तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिल किंवा त्यानंतर दिलेला असावा लागतो. नमुना ओळखायची खूण सोपी आहे : त्यावर जात केंद्राच्या यादीत असल्याचा उल्लेख आणि उमेदवार क्रिमीलेअरमध्ये नसल्याबद्दल ८ सप्टेंबर १९९३ च्या कार्यालयीन ज्ञापनाचा हवाला असतो. राज्याच्या दाखल्यावरची तीन वर्षांची मुदत राज्याच्या प्रवेशांपुरती.

अर्ज करण्यापूर्वी आपली जात महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते बघा. स्पेलिंगसुद्धा जुळवा. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे गट आहेत, केंद्रात असे वेगळे रकाने नाहीत. त्यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा अर्जात ओबीसी लिहायचं आणि दाखलाही तसाच काढायचा. राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. त्या मुलांनी खुल्या गटातून अर्ज करावा आणि निकषांत बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला घ्यावा. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, आणि ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. कोरडवाहू पाच एकरावर जेमतेम भागवणाऱ्या घरांना हा नियम जाचक आहे, पण आज तो आहे.

उत्पन्नाबाबतही गोंधळ होतो. ओबीसी क्रिमीलेअरच्या उत्पन्न कसोटीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, ईडब्ल्यूएसमध्ये सगळं धरतात. सरकारी नोकरीतल्या आई-वडिलांचं पद मात्र ओबीसीला वेगळं तपासलं जातं.

सेतू केंद्रात अर्ज देताना ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात’ हे शब्द तोंडी सांगून भागत नाही, अर्जात ती सेवा निवडली आहे का ते पडद्यावर पाहूनच पावती घ्या. निकालानंतर तहसील आणि प्रांत कार्यालयात गर्दी उसळते, त्यामुळे एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला बरा. दाखला हातात आला की वडिलांचं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी तिथेच उभं राहून ताडून पाहा.

नेस्टमध्ये एकूण ९८ गुण आहेत. ९० गुणांच्या मित्राचं नाव यादीत आहे, माझं नाही. (विद्यार्थी, अकोला)

नायसर भुवनेश्वर आणि मुंबईच्या कलिना संकुलातलं सीईबीएस या दोन विज्ञान संस्थांची ही प्रवेश परीक्षा. चार विषय, प्रत्येकी ६० गुण, त्यातले उत्तम तीन धरून १८० पैकी गुण. पण यादीत यायला किमान तीन विषयांत प्रत्येकी ठरावीक किमान गुण लागतात, आणि शिवाय एकूण पर्सेंटाइलचीही अट असते. खुल्या गटासाठी विषयाची किमान रेषा म्हणजे त्या विषयातल्या पहिल्या १०० जणांच्या सरासरीच्या २० टक्के. तुम्ही भौतिकात ४६, गणितात ४४, रसायनात ८ कळवले आहेत आणि जीवशास्त्र सोडलं. रसायनात पहिल्या शंभरांची सरासरी समजा ५० असेल तर रेषा १० वर येते. दोन गुणांनी तिसरा विषय निसटला. पुढच्या वेळी तिसरा विषय सुरक्षित करा, आणि चौथ्यातले येणारे प्रश्नही सोडवा, तो आधाराला राहतो.

नीटमध्ये ‘पात्र’ आलं आहे. मग जागा नक्की ना? (पालक, लातूर)

नाही. २०२५ मध्ये खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर होती, म्हणजे गुणांच्या हिशेबानं २० टक्के, पण पर्सेंटाइलच्या हिशेबानं ५०. त्या वर्षी १२ लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्रता म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. शिवाय अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी एमसीसी या केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे आणि राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी सीईटी सेलकडे अशी दोन वेगळी नोंदणी करावी लागते, नीटचा निकाल आपोआप कुठेच जात नाही. दरम्यान बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवणार असाल तर टीसी जमा करण्यापूर्वी तिच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा. मूळ टीसी परत मिळवायला अर्ज करावा लागतो आणि ऐन फेरीत ते दिवस परवडत नाहीत.

स्कोअरकार्ड किती दिवस ठेवायचं? (विद्यार्थिनी, मडगाव)

पदवी हाती येईपर्यंत. पीडीएफ निकालाच्याच दिवशी उतरवा, स्वतःला ईमेल करा, दोन छापील प्रती काढा. प्रवेशपत्रही त्याच फाइलमध्ये ठेवा, कागदपत्र पडताळणीत ते मागतात. आणि ज्या मोबाइल क्रमांकावरून अर्ज भरला तो प्रवेश पुरा होईपर्यंत बंद करू नका, सगळे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात.