गाण्यांचे प्रोजेक्ट बाहेरच्या ड्राइव्हवर हलवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच संकटातून आले आहेत. लॅपटॉप भरतो, प्रोजेक्ट बाहेरच्या ड्राइव्हवर जातात आणि नेमक्या मिक्सिंगच्या दिवशी निम्मे ट्रॅक मुके निघतात.

प्रश्न: अ‍ॅबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरमधल्या गाण्याची फाइल मी एक्स्टर्नल एसएसडीवर (चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हवर) कॉपी केली. माझ्या लॅपटॉपवर ती व्यवस्थित उघडते. तोच ड्राइव्ह मित्राच्या स्टुडिओत लावला तर ढोलकीचे आणि बेसचे ट्रॅक रिकामे. फाइल खराब झाली का? (नाशिक)

फाइल शाबूत आहे. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये मांडणी, फेडर, प्लगइनची (सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्यांची आणि इफेक्टची) सेटिंग्ज आणि ऑडिओ कुठे ठेवला आहे त्याचे पत्ते असतात. ऑडिओ त्यात नसतो. ढोलकीचा लूप तुम्ही डाउनलोड्स फोल्डरमधून थेट ओढून घेतला असेल, तर लाइव्ह दर वेळी तिथूनच तो वाजवते. तुमच्या लॅपटॉपवर ड्राइव्हवरची प्रत उघडली तेव्हाही तो आवाज लॅपटॉपच्या डिस्कवरूनच येत होता. म्हणून काहीच बिघडलेले दिसले नाही.

हलवण्याआधी सगळा माल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गोळा करावा लागतो. लाइव्हमध्ये फाइल मेनूत ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आहे. दुसऱ्या प्रोजेक्टमधल्या, यूजर लायब्ररीतल्या, फॅक्टरी पॅकमधल्या आणि इतरत्र असलेल्या फाइल गोळा करायच्या का, असे ते विचारते. फॅक्टरी पॅक दोन्हीकडे बसवलेले असतील तरच तिथे ‘नाही’ म्हणा, बाकी सगळीकडे ‘हो’. हा आदेश फक्त उघडलेल्या सेटला, म्हणजे लाइव्हमधल्या गाण्याच्या त्या फाइलीला, लागू होतो. एकाच प्रोजेक्ट फोल्डरमध्ये गाण्याचे तीन-चार सेट असतील तर ‘मॅनेज फाइल्स’मध्ये जाऊन संपूर्ण प्रोजेक्टसाठी गोळा करा. मग लाइव्ह बंद करून पूर्ण फोल्डर कॉपी करा, एकटी सेटची फाइल नव्हे.

इतर सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे, नावे वेगळी. लॉजिक प्रोमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट’खाली ‘कन्सॉलिडेट’. तिथे ऑडिओबरोबर सॅम्पलरचे नमुने आणि इम्पल्स रिस्पॉन्स (जागेच्या घुमण्याचे नमुने) यांवरही टिक करा, नाहीतर रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमण, हरवतो. एफएल स्टुडिओत ‘एक्स्पोर्ट’मधले ‘झिप्ड लूप पॅकेज’. रीपरमध्ये ‘सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज’च्या खिडकीतच दोन खुणा आहेत: प्रोजेक्टसाठी वेगळे फोल्डर करणे आणि सगळे मीडिया त्यात कॉपी करणे; दोन्ही हव्यात. प्रो टूल्समध्ये ‘सेव्ह कॉपी इन’ करताना ‘ऑडिओ फाइल्स’वर टिक. क्यूबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’. तिथे न वापरलेल्या फाइल काढून टाकण्याचे आणि ऑडिओ कापून लहान करण्याचे पर्याय मोह पाडतात. गाणे पूर्ण होईपर्यंत त्यांना हात लावू नका. गायिकेचा बाजूला ठेवलेला टेक हा संगणकाच्या लेखी ‘न वापरलेला’च असतो.

यानंतरची चाचणी अजिबात टाळू नका. लॅपटॉपवरच्या मूळ प्रोजेक्ट फोल्डरचे आणि सॅम्पलच्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदला. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा आणि ड्राइव्हवर जाऊन तिथली प्रत उघडा. अलीकडच्या फाइलींच्या यादीतून उघडू नका, ती यादी जुन्या जागेकडेच नेते. गाणे पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत ऐका, म्यूट केलेले ट्रॅकही एकेक सोलो करून, म्हणजे एकटा वाजवून. जुन्या जागेचा आधार काढूनही सगळे वाजले, तरच प्रोजेक्ट हलला असे समजा. ही चाचणी म्हणजे १५-२० मिनिटांचे काम आहे आणि आमच्या मते बाकी सगळ्या खबरदारीपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

प्रश्न: घरी मॅक, स्टुडिओत विंडोज. ड्राइव्ह कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू? (कोल्हापूर)

दोन्हीकडे लिहिता येणारा सोयीचा फॉरमॅट एक्सफॅट. विंडोजचा एनटीएफएस मॅकवर वाचता येतो, पण वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही. मॅकचा एपीएफएस विंडोजला आपण होऊन ओळखता येत नाही. फॅट३२ नको: त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि कार्यक्रमाचे लांब रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओ ती मर्यादा सहज ओलांडतात.

एक्सफॅटची उणी बाजू मात्र नीट समजून घ्या. त्यात जर्नल नसते, म्हणजे चालू असलेल्या लेखनाची नोंद तो आधी करून ठेवत नाही. लिहिताना केबल निघाली तर एनटीएफएस बहुतेक वेळा स्वतःला सावरतो. एक्सफॅटमध्ये अख्ख्या फोल्डरची यादी बिघडू शकते. म्हणून ने-आण करण्यासाठी एक्सफॅट वापरा आणि रोजचे रेकॉर्डिंग त्या-त्या संगणकाच्या स्वतःच्या फॉरमॅटवर करा. फक्त मॅक वापरत असाल तर एसएसडीसाठी एपीएफएस घ्या. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर जुना ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड, जर्नल्ड’ अधिक बरा चालतो. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा त्यावरचे आधी दुसरीकडे कॉपी करा.

दोन संगणकांत ये-जा करणाऱ्यांनी फाइलींच्या नावांकडेही लक्ष द्यावे. मॅकवर ‘अंतरा टेक २?’ हे नाव चालते. विंडोजला प्रश्नचिन्ह, तारका, अवतरणचिन्ह, उभी रेघ चालत नाही. मराठी नावांची एक खास अडचण आहे. मॅकचा तो जुना फॉरमॅट ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि नुक्ता असे फोडून साठवतो. ‘वाऱ्यावर’ नावाची फाइल विंडोजवर दिसायला तशीच दिसते, पण संगणकाला ती वेगळी वाटू शकते आणि सॉफ्टवेअर ती हरवल्याचे सांगते. शिवाय काही प्लगइन देवनागरी पत्ता वाचताना अडखळतात. गाण्याचे नाव मराठीतच असू द्या, पण फोल्डर आणि ऑडिओ फाइलींना साधी रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेघ एवढेच ठेवा.

आणि मॅकवरून आलेल्या एक्सफॅट ड्राइव्हवर विंडोजमध्ये टिंब-अधोरेघेने सुरू होणाऱ्या, जेमतेम ४ केबीच्या जोडफाइली दिसतात. तो ऑडिओ नसतो. त्या ट्रॅकवर ओढल्या की ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो आणि जीव उगाच घाबरा होतो.

प्रश्न: साधी पोर्टेबल हार्ड डिस्क चालेल की एसएसडीच हवा? ४० ट्रॅकचे सेशन थेट ड्राइव्हवरून चालवायचे आहे. (ठाणे)

आधी हिशेब करू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ केबी मागतो. ४० ट्रॅकना साधारण ५.८ एमबी. यूएसबी २.० सुद्धा प्रत्यक्षात ३०-४० एमबी देतो. तरी हार्ड डिस्कवर सेशन अडखळते, कारण खरा अडथळा वेगाचा नसून शोधण्याचा आहे. ४० फाइली तबकडीवर ४० ठिकाणी असतात आणि वाचणारे टोक सतत इकडून तिकडे उड्या मारते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला ११ मिलिसेकंद लागतात; त्यात टोक हलण्याचा वेळ मिळवा. एसएसडीत हलणारे काहीच नाही. थेट काम करायचे तर एसएसडीच घ्या. हार्ड डिस्क साठवणीसाठी उत्तम आणि स्वस्त.

केबल तपासा. फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या टाइप-सी केबलींमधल्या पुष्कळ केबली डेटा यूएसबी २.० च्या वेगानेच नेतात. २०० जीबी कॉपी व्हायला चांगल्या यूएसबी ३ जोडणीवर हार्ड डिस्कला सुमारे अर्धा-पाऊण तास लागतो. एसएसडी असूनही दीड तास दाखवत असेल तर बहुधा केबल किंवा पोर्ट चुकलेला आहे. ऑडिओ इंटरफेस आणि ड्राइव्ह एकाच बिनवीजपुरवठ्याच्या हबवर लावू नका. दोघे एकाच पोर्टमधून वीज ओढतात आणि भर टेकमध्ये ड्राइव्ह गायब होतो.

अविश्वसनीय स्वस्तात ‘१६ टीबी’ म्हणून विकले जाणारे ड्राइव्ह घेऊच नका. आत छोटीशी चिप असते, आकडा खोटा दाखवला जातो आणि खरी जागा भरली की पुढचा डेटा नाहीसा होतो. कोणताही नवा ड्राइव्ह आला की विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा मॅकवर ‘एफथ्री’ने तो पूर्ण भरून वाचून बघा.

प्रश्न: कॉपी पूर्ण झाली हे कसे ओळखायचे? माझ्या एका फोल्डरचा आकार दोन्हीकडे वेगळा दिसतो. (पुणे)

‘डिस्कवरचा आकार’ बघत असाल तर तो वेगळाच येणार, कारण प्रत्येक फॉरमॅट जागा वेगळ्या मापाच्या तुकड्यांत वाटतो. फाइलींची संख्या आणि बाइटमधला मूळ आकार जुळला पाहिजे. मॅकवरून एक्सफॅटवर कॉपी केले असेल तर विंडोजमध्ये मोजताना वर सांगितलेल्या जोडफाइली संख्येत भर घालतात, तेवढे ध्यानात ठेवा. पण आकार जुळला म्हणजे आतला मजकूर जुळला असे नाही. विंडोजवर टेराकॉपीत पडताळणीचा पर्याय चालू करा. दोन्ही संगणकांवर चालणाऱ्या फ्रीफाइलसिंकमध्ये ‘फाइलमधला मजकूर’ ताडण्याचा पर्याय निवडा. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. फ्रीफाइलसिंकमध्ये ‘मिरर’ निवडताना दिशा दोनदा बघा: उलट दिशेने लावले तर भरलेले फोल्डर रिकाम्यासारखे होऊन बसते.

कट-पेस्ट कधीही नको. नेहमी कॉपी, मग पडताळणी, मग वरची चाचणी, आणि मूळ काढायचे ते अगदी शेवटी. मॅकवर त्याच नावाचे फोल्डर आधीच ड्राइव्हवर असेल आणि तुम्ही ‘रिप्लेस’ म्हटले, तर जुने फोल्डर आतल्या सगळ्यासकट जाते. विंडोज अशा वेळी दोन्ही एकत्र करते. विंडोजची सवय असलेल्यांचे काम इथे हमखास बुडते.

प्रोजेक्ट डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये असतील तर आयक्लाउड किंवा वनड्राइव्ह तपासा. जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर फाइलीचे नाव दिसते, माल मात्र सर्व्हरवर असतो. आधी फोल्डर पूर्ण डाउनलोड करून घ्या, ढगाची खूण गेली की मगच कॉपी करा.

प्रश्न: कॉन्टॅक्ट या सॅम्पलरच्या (ध्वनींचे नमुने वाजवणाऱ्या प्लगइनच्या) लायब्ररी ३०० जीबी झाल्या आहेत. त्या हलवल्या तर जुनी गाणी उघडतील का? (पणजी)

उघडतील, पण फोल्डर हलवून थांबू नका. लायब्ररी एसएसडीवर नेल्यावर नेटिव्ह अ‍ॅक्सेस या लायब्ररी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकीची नवी जागा दाखवावी लागते. तिथे नोंदणी नसलेल्या लायब्ररींसाठी कॉन्टॅक्टमध्ये ‘बॅच री-सेव्ह’ आहे; तो मूळ फाइलींवरच लिहितो, म्हणून आधी प्रत काढा. लॉजिकची स्वतःची ध्वनी-लायब्ररी हाताने हलवू नका. लॉजिकच्या मेनूत ‘साउंड लायब्ररी’खाली ‘रीलोकेट’ आहे.

विंडोजवर ड्राइव्हचे अक्षर पक्के करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटचे एखादे अक्षर द्या, उदाहरणार्थ ‘एस’. नाहीतर मध्ये पेनड्राइव्ह लावला की अक्षर बदलते आणि सगळे पत्ते चुकतात. मॅकवर अक्षराऐवजी ड्राइव्हचे नाव महत्त्वाचे: एकाच नावाचे दोन ड्राइव्ह लावले तर दुसऱ्याच्या पत्त्याला १ जोडला जातो.

प्लगइन मात्र संगणकातच राहू द्या. ‘कलेक्ट’ केल्याने प्लगइन किंवा त्यांचे परवाने बरोबर जात नाहीत. दुसऱ्या स्टुडिओत जाताना प्लगइनवाले ट्रॅक ऑडिओत उतरवून तेही फोल्डरमध्ये ठेवा.

प्रश्न: ड्राइव्ह काढताना ‘वापरात आहे’ असा संदेश येतो. ओढून काढला तर? (छत्रपती संभाजीनगर)

नको. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, नुसती खिडकी नव्हे. मॅकवर स्पॉटलाइट ही शोध-सोय नव्या ड्राइव्हची सूची बनवत असते. स्पॉटलाइटच्या सेटिंगमध्ये तो ड्राइव्ह वगळा. तरीही सुटत नसेल तर संगणक बंद करून मग केबल काढा.

प्रश्न: सगळे ड्राइव्हवर गेले. आता लॅपटॉपवरचे काढू का? ड्राइव्ह कसा जपू? (रत्नागिरी)

फक्त एका ड्राइव्हवर प्रत असेल तर काढू नका. हलवणे म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत एक होती, एकच राहिली, आणि ती आता खाली पडू शकते. दुसऱ्या ड्राइव्हवर आणखी एक प्रत, शक्यतो दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर, एवढे झाले की लॅपटॉप मोकळा करा.

कोकणात दमट हवेचा त्रास खरा आहे. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ड्राइव्ह ठेवा आणि पुड्या पावसाळ्यात बदला. एसएसडी वर्षानुवर्षे न जोडता कपाटात ठेवू नका. त्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, तो हळूहळू विरतो, उन्हाळ्यात अधिक लवकर. दर सहा महिन्यांनी दोन्ही ड्राइव्ह जोडा, एखादे जुने गाणे उघडून पूर्ण वाजवा, आणि पाच वर्षांनंतर सॉफ्टवेअरच बदललेले असेल हे धरून प्रत्येक गाण्याचे ट्रॅक पहिल्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या २४ बिट वेव्ह फाइलींमध्ये उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. सोबत एका मजकूर फाइलीत लय, स्वर आणि वापरलेल्या प्लगइनची नावे लिहा.