जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डिकीत पावसाचं पाणी साचतं, झाकणाचं रबर नवं टाकूनही थांबत नाही. पाणी नेमकं कुठून येतं?

रबर बदलायची घाई सगळेच करतात, मीही केली होती. पाणी साचतं तिथून ते शिरलेलं नसतं. पत्र्याच्या जोडावरून ओघळत दोन हात लांब जातं.

स्टेपनी, मॅट, पुठ्ठे सगळं बाहेर काढा. डिकी खडखडीत कोरडी करून आतल्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. मग टॉर्च घेऊन घरातल्या एखाद्या सडपातळ माणसाला आत बसवा (झाकण आतून उघडत नाही, त्यामुळे चावी हातात धरून तुम्ही बाहेरच थांबा) आणि पाइपाची बारीक धार खालून वर न्या. आधी टेललॅम्प, मग झाकणाची कड, शेवटी मागची काच. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पावडरीत ओली रेघ उमटली की तिच्यामागे वर जायचं.

माझ्या गाडीत चोर निघाला डाव्या टेललॅम्पचं गॅस्केट (दिवा आणि पत्रा यांच्यामधलं रबर), वाळून पापडासारखं झालेलं. पुण्यात नाना पेठेत शोधा, नाही मिळालं तर रबर शीट कापून बनवा. मागच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरेही हमखास गळतात.

पाइपाने काहीच सापडलं नाही, पण सिंहगड रोडवरून भर पावसात आल्यावर डिकी ओली असेल, तर पाणी चाकांनी उडवलेलं असतं, चाकावरच्या पत्र्याचा जोड बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट मात्र जोडात भरू नका, त्याने पत्रा गंजतो.